डेस्कटॉप डायलॉगमधले इव्हेंट कसे हाताळायचे? रावेरच्या केळीच्या पावतीचं उदाहरण

मोबाईलवर पॉपअप आला की आपण बटण टॅप करतो, बाहेर टॅप करतो किंवा मागे जातो. कॉम्प्युटरवरच्या छोट्या खिडकीला, म्हणजे डायलॉगला, यापेक्षा जास्त वाटा असतात. मी रावेरचा, त्यामुळे उदाहरण केळीचंच घेतो. समजा, वजनकाट्यासाठी पायथनमध्ये टीकेइंटर वापरून 'नवी पावती' हा डायलॉग बनवायचाय. विंडोजवर पायथन टाकताना टीकेइंटर सोबतच येतं.

भरलेली गाडी 6,480 किलो, रिकामी 2,150 किलो. माल 4,330 किलो, म्हणजे 43.30 क्विंटल. क्विंटलला 1,500 रुपये भाव धरला तर 64,950 रुपये. हीच पावती दोनदा सेव्ह झाली तर हिशोबात 1,29,900 दिसतील. सेव्हच झाली नाही तर शेतकऱ्याच्या मालाची नोंदच नाही. म्हणून इव्हेंट नीट समजून घ्या.

इव्हेंट म्हणजे काय?

माउसचं क्लिक, दाबलेली की, खिडकी बंद करणं ही प्रत्येक घडामोड म्हणजे एक इव्हेंट. हे इव्हेंट रांगेत उभे राहतात. इव्हेंट लूप त्यांना एकेक करून उचलतो आणि त्या-त्या कामासाठी ठरवलेलं फंक्शन चालवतो. त्या फंक्शनला हँडलर म्हणतात. टीकेइंटरमध्ये हा लूप 'मेनलूप' सुरू करतो.

डायलॉग बंद करण्याच्या पाच वाटा

1. सेव्ह बटण: बटणाच्या 'कमांड'मध्ये फंक्शनचं नाव द्या. नावापुढे कंस टाकू नका. कंस टाकला की बटण बनतानाच फंक्शन चालून जातं.
2. एंटर: टीकेइंटरमध्ये एंटर आपोआप सेव्ह करत नाही. 'बाइंड' वापरून 'रिटर्न' ही की जोडावी लागते.
3. रद्द बटण: यालाही स्वतःचं कमांड हवं.
4. एस्केप: हीसुद्धा बाइंड करावी लागते.
5. कोपऱ्यातली फुली: इथेच बरेच जण फसतात. काही सांगितलं नाही तर फुली खिडकी थेट नष्ट करते आणि रद्द बटणाच्या हँडलरला विचारतही नाही. म्हणून 'प्रोटोकॉल' वापरून 'डब्ल्यूएम_डिलीट_विंडो' आपल्या फंक्शनला जोडा.

वाटा पाच असल्या तरी फंक्शनं दोनच ठेवा. पहिल्या दोन वाटा 'जतन'कडे, उरलेल्या तीन 'रद्द'कडे. 'रद्द'मध्ये एकच तपासणी: आकडे भरलेत पण सेव्ह झाले नाहीत, तर "पावती टाकून द्यायची का?" असं विचारायचं. मग कुणी कुठूनही बाहेर पडो, प्रश्न विचारला जाणारच.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. बाइंड केलेल्या फंक्शनला इव्हेंटची माहिती पाठवली जाते, बटणाच्या कमांडला काहीच पाठवलं जात नाही. एकच फंक्शन दोन्हीकडे चालायला हवं असेल तर त्यात 'इव्हेंट' हे पॅरामीटर ठेवा आणि त्याची डीफॉल्ट किंमत 'नन' द्या.

खिडकी का अडकते?

हँडलर चालू असताना लूप थांबलेला असतो. पावती दूरच्या सर्व्हरवर पाठवायला दहा सेकंद लागले, तर तेवढा वेळ खिडकी हलत नाही. पाच सेकंद प्रतिसाद मिळाला नाही की विंडोज त्या खिडकीला अडकलेली समजतं. समोर गाड्यांची रांग असते, माणूस घाईत पुन्हा सेव्ह दाबतो. ते क्लिक रांगेत थांबतं आणि डायलॉग उघडाच राहिला असेल तर पहिलं काम संपल्यावर चालतं. पावती दोनदा!

उपाय असा: सेव्ह दाबताच बटण 'डिसेबल्ड' करा. एंटरसुद्धा 'जतन'लाच बोलावतं, म्हणून "काम चालू आहे" अशी खूण ठेवून फंक्शनच्या सुरुवातीलाच ती तपासा, 'रद्द'मध्येही तपासा. पाठवण्याचं काम वेगळ्या थ्रेडला द्या. त्या थ्रेडमधून खिडकीला हात लावू नका. निकाल 'क्यू'मध्ये ठेवा आणि मुख्य थ्रेडमध्ये 'आफ्टर' वापरून थोड्या-थोड्या वेळाने क्यू बघा. निकाल आला की खूण काढा आणि बटण पुन्हा चालू करा.

देण्याआधी तपासा

अर्धवट आकडे भरून एस्केप दाबा, मग फुली दाबा. आकडे पूर्ण भरून एंटर चार वेळा पटापट दाबा. नेट बंद करून सेव्ह करा. प्रत्येक वेळी वहीत किती पावत्या पडल्या ते मोजा. एंटर चार वेळा दाबूनही पावती एकच पडली, तरच हा डायलॉग काट्यावर बसवा.