उतारवयातील एक अडचण आणि शस्त्रक्रियेचा तराजू

श्रोतेहो, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी दूरदूरची माणसे येतात. त्यांत वृद्धही पुष्कळ. अशा लांबच्या प्रवासात एखादे आजोबा घडीघडी गाडी थांबवायला सांगतात. बरोबरची मंडळी हसतात, आजोबा ओशाळून गप्प होतात. रात्री चारचार वेळा उठणे, धार लवकर न लागणे आणि एके दिवशी लघवी साफ तुंबणे. हे दुखणे चारचौघांत कोणी बोलत नाही. म्हणूनच आज त्याचा इतिहास पाहू.

मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून, पुरुषाच्या शरीरात अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात ती बहुधा वाढते आणि नळी आवळते. सुश्रुतसंहितेत ‘वाताष्ठीला’ नावाचा विकार सांगितला आहे. त्यात गुद आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी टणक गाठ होते व लघवी अडते. तेव्हा दुखणे जुनेच आहे; ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया मात्र अलीकडची.

पीटर फ्रेयर नावाचे एक आयरिश सर्जन हिंदुस्थानात सुमारे वीस वर्षे सरकारी वैद्यकीय सेवेत होते. मूतखडे काढण्यात त्यांनी इथेच नाव कमावले. पुढे १९०० साली लंडनमध्ये त्यांनी ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशयातून बोट घालून, वाढलेली ग्रंथी सोडवून काढली. १९१२ पर्यंत अशा हजार शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. त्या काळी ही मोठीच मजल होती. तरीही शंभरांतले सुमारे पाच रोगी दगावत. १९२६ साली मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी लघवीच्या वाटेनेच आत घालून ग्रंथी खरवडण्याचे यंत्र पुढे आणले. पोट फाडण्याचे कारण तिथून हळूहळू कमी झाले.

आता एका थोर रोग्याची हकीकत ऐका. ‘शिवाजी उत्सव’ ही कविता १९०४ साली लिहून मराठी मनाच्या जवळ आलेले रवीन्द्रनाथ ठाकूर याच दुखण्याने आजारी होते. १९४० च्या सप्टेंबरात कालिम्पोंगला ते बेशुद्ध पडले. त्या वेळी शस्त्रक्रिया टळली. पुढच्या वर्षी डॉक्टरांतच दोन मते झाली. डॉ. बिधानचंद्र रॉय म्हणत, शस्त्रक्रिया करा. डॉ. नीलरतन सरकार म्हणत, शरीर झेपणार नाही. कवीलाही शस्त्र नको होते. शेवटी ३० जुलै १९४१ रोजी जोडासांकोच्या राहत्या घरी शस्त्रक्रिया झाली. ग्रंथी काढली नाही. साचलेल्या लघवीला वाट करून दिली, एवढेच. ७ ऑगस्टला कवी गेले. वय ८० वर्षांचे. पेनिसिलिन तेव्हा आपल्याकडे पोचलेच नव्हते.

यावरून शस्त्रक्रियाच वाईट, असे म्हणू नये. तुंबलेली लघवी मूत्रपिंडे बिघडवते आणि तेही जिवावर बेतते. धडा वेगळा आहे: अंगात जोर असताना विचार केला, तर निवड आपल्या हाती राहते.

आज तराजूच्या एका पारड्यात औषधे आहेत. काही गोळ्यांनी थोड्या दिवसांत धार सुधारते, पण उठताना चक्कर येऊ शकते. काही गोळ्या ग्रंथी आक्रसवतात. त्यांना महिने लागतात आणि कोणाची कामेच्छा कमी होते. दुसऱ्या पारड्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. तिने आराम पुष्कळ पडतो. मात्र रक्तस्राव होऊ शकतो, काहींना लघवीवर ताबा राहत नाही, आणि बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने इजा होत नाही. पण मूल हवे असेल त्याने हे आधीच विचारून घ्यावे.

रात्री एकदोनदाच उठावे लागते, त्याला घाई नाही. तपासून घ्यावे आणि लक्ष ठेवावे. लघवी वारंवार तुंबते, रक्त येते किंवा मूत्रपिंडांवर ताण पडला आहे, त्याने टाळाटाळ करू नये. अजिबात तुंबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गुरुजींनो, गावात तुमचा शब्द मानला जातो. एवढे एक करा: आजोबा गाडी थांबवायला सांगतील तेव्हा हसू नका, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि डॉक्टरांना विचारा, “यातून काय मिळेल, आणि काय जाईल?” हा प्रश्न विचारण्यात लाज कसली?