चंद्रपर्वतावरील बर्फ

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाचा भूगोलवेत्ता टॉलेमी यानें नाईल नदीच्या उगमाविषयीं एक विलक्षण विधान केलें. आफ्रिकेच्या अंतर्भागांत ‘चंद्राचे पर्वत’ आहेत आणि त्यांवरील बर्फ वितळून नाईलच्या सरोवरांना पाणी मिळतें, असें तें विधान होतें. विषुववृत्ताच्या उन्हांत बर्फ टिकतो, ही गोष्ट पुढें अनेकांना केवळ कविकल्पना वाटली. या कल्पनाविलासांत हिंदुस्थानचाहि थोडा वांटा आहे. नाईलचा शोध घेणाऱ्या स्पीकनें आपल्या १८६३ सालच्या ग्रंथांत पुराणांच्या आधारें काढलेला म्हणून एक नकाशा छापला व त्यांतील ‘सोमगिरी’ची साक्ष काढली. परंतु त्या नकाशाचा कर्ता विल्फर्ड यानें, आपल्या पंडितानें पोथ्यांत बनावट मजकूर घुसडल्याचें १८०५ सालींच कबूल केलें होतें!

ज्याला आज बहुतेक जण टॉलेमीचा चंद्रपर्वत मानतात, तो युगांडा व कांगो यांच्या सीमेवरील रुवेंझोरी होय. त्याची लांबी सुमारें १२० किलोमीटर असून मार्गेरिटा या सर्वोच्च शिखराची उंची ५,१०९ मीटर आहे. किलिमांजारोप्रमाणें हा ज्वालामुखींतून निर्माण झालेला नाहीं. भूकवच दुभंगून जी प्रचंड खचदरी झाली, तिच्या काठीं वर उचलला गेलेला हा प्राचीन खडकांचा ठोकळा आहे. माथ्यावर बहुतेक दिवस ढगांचें आवरण असल्यामुळें तो दूरच्या प्रवाशांपासून दडून राहिला.

हेन्री स्टॅन्ले १८७६ सालीं याच परिसरांत तळ देऊन राहिला होता, तरी बर्फाचीं शिखरें त्याला ओळखतां आलीं नाहींत. पुढें २४ मे १८८८ रोजीं एका मुलानें ‘मिठानें झांकलेला’ म्हणून एक पर्वत त्याला दाखविला. प्रथम त्याला तो रुपेरी मेघ वाटला. मग उमगलें कीं, तो बर्फ आहे.

या पर्वतावर चढूं लागलें कीं, वनश्री थरांथरांनीं पालटत जाते. आधीं घनदाट अरण्य, त्यावर बांबूंचीं बेटें, त्याहून वर शेवाळाच्या झुली पांघरलेलीं हीथचीं झाडें. तेथून पुढें तर अद्भुत सृष्टीच सुरू होते. सह्याद्रींतील देवनळाच्या जातीचे लोबेलिया येथें पुरुषभर उंचीहून मोठे फुलोरे उभारतात. सूर्यफुलाच्या कुळांतील सेनेसिओ येथें वृक्ष बनतो व सुकलेलीं पानें न गाळतां खोडाभोंवतीं पांघरुणासारखीं ठेवतो. कारण या उंचीवर दिवसा कडक ऊन आणि रात्रीं गोठविणारी थंडी असते. लालभडक पंखांचा हिरवा तुराको पक्षी, तीन शिंगांचा शॅमेलिऑन सरडा आणि सशाएवढा असूनहि हत्तीचा दूरचा आप्त असलेला हायरॅक्स, असे येथील रहिवासी आहेत.

१९०६ सालीं इटलीच्या राजघराण्यांतील अब्रुझीचा ड्यूक लुइजी यानें मुख्य शिखरें सर करून पर्वताचा नकाशा तयार केला. व्हित्तोरिओ सेल्ला या छायाचित्रकारानें हिमनद्यांचीं सुरेख चित्रें घेतलीं. शिखरांना राण्यांचीं, तर पर्वतसमूहांना स्टॅन्ले, स्पीक, बेकर अशा प्रवाशांचीं नांवें मिळालीं. उतारांवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या बकोंझो लोकांनीं वाटा दाखविल्या, ओझीं वाहिलीं. परंतु शिखरांच्या नांवांत त्यांना स्थान मिळालें नाहीं. बर्फासाठीं त्यांच्या भाषेंत ‘न्झुरुरु’ हा स्वतंत्र शब्द होता, आणि त्या बर्फांत किटासांबा या देवाचा वास आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. ज्याला जग कविकल्पना म्हणत होतें, तें त्यांच्या दारांतलें दैवत होतें.

सेल्लाच्या छायाचित्रांचें मोल आज निराळ्याच कारणानें वाढलें आहे. १९०६ सालीं या पर्वतावर सहाहून अधिक चौरस किलोमीटर बर्फ होता. २००३ सालच्या पाहणींत तो एक चौरस किलोमीटरहूनहि कमी भरला. सहा पर्वतसमूहांपैकीं एमिन, जेसी व लुइजी यांवर आतां हिमनदी उरलेली नाहीं. युगांडानें १९९१ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान स्थापिलें, १९९४ सालीं त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण वृक्षतोडीला घालतां येणारें कुंपण तापत्या हवेला घालतां येत नाहीं.

नाईलच्या अफाट पाण्यांत या बर्फाचा वांटा अगदीं थोडा असल्यामुळें, तो गेल्यानें नदी आटणार नाहीं. हानि होईल ती बकोंझोंची. त्यांच्या देवाचें घर ओस पडेल. जो बर्फ खरोखर आहे हें बाहेरच्या जगाला पटण्यास सतराशें वर्षें लागलीं, तो नाहींसा होण्यास त्यानंतर दोनशें वर्षेंहि लागतील, असें दिसत नाहीं.