जांघेतला हर्निया: टाका, जाळी आणि दुखणे

जांघेतला हर्निया हा पोटाच्या भिंतीतला दोष आहे. पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणारी रक्तवाहिन्यांची आणि वीर्यनलिकेची जुडी, म्हणजे वृषणरज्जू, पोटाची भिंत तिरकस छेदून जांघेतून खाली उतरते. त्या वाटेवर भिंत मुळातच पातळ असते. खोकला, कुंथणे, ओझे उचलणे यांनी आतला दाब वाढला की तिथून आतडे किंवा आतली चरबी बाहेर डोकावते. जुन्या मराठीत या व्याधीला अंतर्गळ म्हणत. औषधाने ते छिद्र बुजत नाही, त्यामुळे या आजाराचा इतिहास हा बराचसा ते शिवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. शिवणाऱ्यांपुढे दोन प्रश्न होते: टाका टिकेल का, आणि तो दुखेल का? पहिल्याच्या उत्तराला शंभर वर्षे लागली आणि दुसरा जवळजवळ तेवढाच काळ बाजूला पडून राहिला.

सुश्रुतसंहितेत या व्याधीला आंत्रवृद्धी म्हटले आहे. जड ओझे वाहणे, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही तिची कारणे तिथे दिली आहेत. फुगवटा जांघेतच असेल तर अर्धचंद्राकृती तोंडाच्या शलाकेने डाग द्यावा आणि तो अंडकोषात उतरला असेल तर उपचाराच्या भरीस पडू नये, असा सल्ला आहे. हर्निया शिवण्याची कृती सुश्रुताने दिलेली नाही. जखमा शिवण्याबद्दल मात्र त्याने बारकाईने लिहिले आहे. ताग, अळशीचा धागा, अश्मंतकाची साल, स्नायू, केस, मूर्वा, गुळवेल हे सारे त्याच्या दोऱ्यांच्या यादीत येते. सुई जखमेच्या कडेपासून फार लांब टोचली तर कडा दुखते आणि फार जवळ टोचली तर टाका मांस फाडून निघतो, हेही तो नोंदवतो. टाका आणि दुखणे यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने सांगणारे प्राचीन लेखन विरळाच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जांघ उघडणे म्हणजे जिवाशी खेळ होता. जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि हे चित्र पालटू लागले. मेंढीच्या आतड्यापासून बनणारा कॅटगट हा विरघळणारा दोराही लिस्टरने कार्बोलिकमध्ये भिजवून वापरात आणला. त्याच्याकडे शिकून अमेरिकेत परतलेल्या हेन्री मार्सी यांनी असाच कॅटगट हर्नियात वापरला आणि १८७१ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडराचा दोराही वापरला. जखमा आता चिघळेनाशा झाल्या, पण हर्निया उलटणे काही थांबले नाही. व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ यांचे मत असे की, कंडरेइतकी घट्ट आणि चिवट ऊती कृत्रिमरीत्या बनवता आली तर हर्निया कायमचा बरा करण्याचे रहस्य उलगडेल. त्या काळात तसा पदार्थ अस्तित्वातच नव्हता.

मग शल्यविशारदांनी शरीरातच असलेल्या ऊती एकमेकींना शिवायचे ठरवले, आणि त्यात यश आले ते पदुआच्या एदोआर्दो बास्सिनी यांना. बास्सिनी तरुणपणी गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत होते. १८६७ मध्ये रोमजवळच्या चकमकीत त्यांच्या जांघेत संगीन घुसली होती आणि ती जखम भरायला बराच काळ लागला. १८८४ पासून त्यांनी हर्नियाची जी शस्त्रक्रिया केली तिच्यात जांघेचा मार्ग पूर्ण उघडला जाई. आतल्या भिंतीचे तीन थर एकत्र उचलून ते इंग्वायनल लिगामेंटला, म्हणजे कमरेच्या हाडापासून जघनास्थीपर्यंत ताणलेल्या चिवट पट्ट्याला, रेशमाच्या सुट्या टाक्यांनी शिवले जात. १८८७ मध्ये जेनोवा येथे त्यांनी ही पद्धत मांडली. पुढे २६२ शस्त्रक्रियांत हर्निया उलटण्याचे प्रमाण त्यांनी ३ टक्क्यांच्या आसपास दाखवले. शिवाय रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून हे आकडे काढले होते. त्या काळात असा पाठपुरावा फार थोडे लोक करत आणि बास्सिनींचे मोठेपण शस्त्रक्रियेइतकेच त्यातही आहे.

पण या दुरुस्तीत एक मूळचा दोष होता. स्नायू आणि लिगामेंट यांच्यात नैसर्गिक अंतर असते. ते टाक्यांनी ओढून मिटवायचे म्हणजे प्रत्येक टाक्यावर सतत ताण. रुग्ण खोकला, उठून बसला की टाका ऊतीत रुतत जाई. काही दिवसांच्या वेदनेनंतर एक तर ऊती जुळत, नाही तर टाका मांस कापून सुटे. इतर शल्यविशारदांच्या हातात बास्सिनींचे आकडे टिकले नाहीत, याचे हे मोठे कारण. टोरांटोच्या अर्ल शोल्डिस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलादी तारेने चार ओळींची अखंड शिवण बसवली. भूल फक्त जागेपुरती देऊन ते रुग्णाला लगेच चालायला लावत. १९४५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या रुग्णालयात हर्निया उलटण्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. ऑक्सफर्डमध्ये मोलोनी यांनी १९४८ मध्ये नायलॉनच्या दोऱ्याने रफू केल्यासारखी वीण भरली. ताण वाटला गेला, तरी तो नाहीसा झाला नव्हता.

बिलरोथना हवा असलेला पदार्थ अखेर रसायनशास्त्रातून आला. चांदीच्या तारेची जाळी आणि टँटलमची जाळी वापरून झाली होती, पण धातू शरीरात वाकून वाकून तुटे. १९५४ मध्ये इटलीत जूलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन बनवले. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना मिळाले. ह्यूस्टनचे फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी पॉलिएथिलीनची जाळी वापरली आणि पुढच्या काही वर्षांत पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी आणली. जाळीच्या छिद्रांतून शरीराची ऊती वाढत जाते आणि काही आठवड्यांत जाळी भिंतीचाच भाग होते.

लॉस एंजेलिसचे अर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी १९८४ पासून प्रत्येक जांघेच्या हर्नियात जाळी बसवायला सुरुवात केली. स्नायू ओढून आणायचाच नाही, मधल्या जागेवर जाळी अंथरायची, हे त्यांचे तत्त्व. १९८९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी १००० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. १ ते ५ वर्षांच्या पाठपुराव्यात एकही हर्निया उलटलेला नव्हता. पुढची तीन दशके जगभर हीच शस्त्रक्रिया सर्वाधिक शिकवली गेली.

जाळी मात्र महाग होती. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी त्यावर उपाय शोधला तो मच्छरदाणीच्या कापडात. तेही त्याच जातीच्या प्लास्टिकचे असते. ते कापून, निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरल्याचा ३५९ हर्नियांचा अनुभव त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत मांडला. ही कल्पना आफ्रिकेत गेली. पूर्व युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची यादृच्छिक चाचणी २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. त्यात १२५ डॉलरची बाजारातली जाळी आणि सुमारे १ डॉलरची मच्छरदाणीची जाळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. गावाकडच्या शस्त्रक्रियागृहातून निघालेली इतकी उपयोगी कल्पना दुसरी सांगणे कठीण आहे.

हर्निया उलटणे दुर्मीळ झाले तेव्हा बाजूला पडलेला दुसरा प्रश्न वर आला. २००१ मध्ये डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या पाहणीत शस्त्रक्रियेला एक वर्ष झालेल्या रुग्णांपैकी २८.७ टक्क्यांनी जांघेत काही ना काही दुखते असे सांगितले. ११ टक्क्यांचे काम किंवा विरंगुळा त्या दुखण्याने अडत होता. या रुग्णांची शस्त्रक्रिया जुन्या मापाने यशस्वी ठरली होती. खुर्चीत बसताना कळ येणारा, सायकल सोडून दिलेला माणूस त्या मापात दिसतच नव्हता. तीन महिन्यांहून जास्त टिकणारे दुखणे वेगळे मोजायचे, हा दंडक यानंतर रुजला.

दुखण्याचे कारण कळायला शस्त्रक्रियेतली जागा जवळून पाहावी लागते. जांघेच्या त्या हातभरही नसलेल्या क्षेत्रातून तीन मज्जातंतू जातात. इलिओइंग्वायनल वृषणरज्जूच्या अंगाने धावतो. इलिओहायपोगॅस्ट्रिक थोडा वर, स्नायूच्या पृष्ठभागावर असतो आणि काही अंतर त्याच्या आत दडलेला असतो. तिसरी जेनिटोफिमोरल मज्जातंतूची शाखा रज्जूच्या मागे असते. जाळीची खालची कड लिगामेंटला अखंड टाक्याने शिवतात आणि वरची कड दोन-तीन सुट्या टाक्यांनी स्नायूवर टेकवतात. इलिओहायपोगॅस्ट्रिक सापडण्याचा धोका या वरच्या टाक्यांतच. पहिला टाका जघनास्थीजवळ पडतो, तिथे सुई हाडावरच्या आवरणात गेली तर ते दुखणे हट्टी असते. लिख्टेनस्टाइन यांचे सहकारी परवीझ अमीद यांनी म्हणूनच बजावले की जाळी हाडाच्या उंचवट्यापलीकडे सुमारे २ सेंटीमीटर जाऊ द्यावी, पण आवरणात टाका घेऊ नये, आणि वरचे टाके विरघळणाऱ्या दोऱ्याचे असावेत. इटलीतल्या बहुकेंद्री अभ्यासातही २००६ मध्ये हेच दिसले की मज्जातंतू ओळखून सांभाळले नाहीत तर दुखणे वाढते.

इथे दोऱ्याच्या निवडीला नवा अर्थ आला. बास्सिनींच्या टाक्याला जन्मभर ताण धरायचा होता. जाळीच्या टाक्याला ती ऊतीत रुजेपर्यंत, म्हणजे काही आठवडेच, जागेवर धरायचे असते. मग कधीच न विरघळणारा प्रोलीनचा दोरा कशाला? तो ताठर असतो, गाठी मोठ्या होतात आणि शरीरात कायम राहतो. व्हिक्रिल या विरघळणाऱ्या दोऱ्याची निम्मी ताकद सुमारे तीन आठवड्यांत जाते आणि दोनेक महिन्यांत तो विरघळतो. पीडीएस हा दोरा त्याहून सावकाश, सहा-सात महिन्यांत. विरघळणाऱ्या टाक्यात अडकलेला मज्जातंतू निदान कधीतरी मोकळा होईल, हा यामागचा विचार सरळ आहे. पण फिनलंडच्या २००२ च्या चाचणीत दोन प्रकारच्या दोऱ्यांत दुखण्याचा फरक आढळला नाही, तर इस्राएलच्या २०१४ च्या चाचणीत विरघळणाऱ्या दोऱ्याने कायमचे दुखणे कमी झाले.

टिकाऊपणाबद्दल मात्र स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीने स्पष्ट उत्तर दिले. ८२,०१५ लिख्टेनस्टाइन शस्त्रक्रियांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर विरघळणाऱ्या दोऱ्याने हर्निया उलटून पुन्हा शस्त्रक्रिया होण्याचा धोका दुपटीच्या आसपास निघाला. सावकाश विरघळणारा दोरा आणि कायमचा दोरा यांत फरक नव्हता. म्हणजे जाळी रुजायला काही आठवडे लागतात हा हिशेब व्हिक्रिलच्या बाबतीत थोडा कमी पडतो आणि पीडीएसच्या बाबतीत पुरतो.

टाकाच नको, असाही मार्ग शोधला गेला. फायब्रिनचा डिंक वापरलेल्या युरोपीय टिमेली चाचणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, एका वर्षानंतर त्रासदायक तक्रारी ८.१ टक्के रुग्णांत होत्या, टाके घातलेल्यांत १४.८ टक्के. पण फिनलंडच्या ६२५ रुग्णांच्या फिनमेश चाचणीत २०१५ मध्ये डिंक, स्वतःच चिकटणारी जाळी आणि न विरघळणारे टाके या तिन्हींत वर्षभरानंतरच्या दुखण्यात फरक दिसला नाही. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी तर जाळीही वगळली. पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी, तिची दोन्ही टोके न सोडवता, मागच्या भिंतीवर शिवायची, ही त्यांची पद्धत. ४०० रुग्णांवरचा अनुभव त्यांनी २००१ मध्ये मांडला. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची लिख्टेनस्टाइन पद्धतीशी तुलना झाली आणि २०१२ च्या निष्कर्षांत तीन वर्षांनंतर दोन्हींचे परिणाम सारखे निघाले.

या सगळ्यावरून एवढे नक्की म्हणता येते की दुखण्याचा मोठा वाटा दोऱ्याच्या जातीपेक्षा टाका कुठे पडला, किती आवळला आणि त्यात काय सापडले यावर ठरतो. खालच्या कडेला प्रोलीन किंवा पीडीएस आणि वरच्या कडेला मोजके, सैल, विरघळणारे टाके ही रीत त्यामुळेच बहुतेक ठिकाणी टिकून आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ दुखण्याचे प्रमाण १० ते १२ टक्के धरले आहे.