शुद्ध शाकाहारी : एका पाटीचा इतिहास

मुंबईत जेवणाच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेस वारंवार पडणारी पाटी कोणती, असे कोणी विचारले तर 'शुद्ध शाकाहारी' हेच उत्तर आम्ही देऊ. यातील 'शाकाहारी' हा शब्द स्वयंपाकघराविषयी सांगतो. 'शुद्ध' हा शब्द मात्र अन्नापाशी थांबत नाही. ते कोणी शिजविले, कोणी वाढले आणि शेजारच्या पाटावर कोण बसले आहे, या जुन्या प्रश्नांची सावली त्याच्यावर पडलेली आहे. या पाटीखाली बसून मुंबईकरांनी त्या प्रश्नांचे काय केले, ते येथे पाहावयाचे आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी घराबाहेर खाणे ही आपल्याकडे हौसेची बाब नव्हती. ती एक तर प्रवाशाची निरुपायाची गोष्ट होती, नाही तर धर्मबाह्य धाडस. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या नामवंत मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्या चहात मांस नव्हते की मद्य नव्हते. आक्षेप होता तो पेला पुढे करणाऱ्या हातावर. (ते मिशन अँग्लिकन पंथाचे होते, कॅथलिक असते तरी चहा तेवढाच बाटला असता.)

मुंबईला हा सोवळेपणा परवडण्यासारखा नव्हता, तरी तिने तो बराच काळ जपला. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार आपापल्या गावच्या, जातीच्या खाणावळींत जेवत. गोव्याचे ख्रिस्ती खलाशी आणि आचारी धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूडां'त उतरत. म्हणजे पंगत गावाकडचीच, फक्त छप्पर मुंबईचे. इराण्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यांवर संगमरवरी टेबले मांडली आणि तेथे जात विचारली जात नसे. पण सोवळे पाळणारा हिंदू ती पायरी चढण्यापूर्वी दोनदा विचार करी. अशा नोकरदारांसाठी मराठी उपाहारगृहे निघाली. दादरला १९१० साली मामा काणे यांनी काढलेल्या उपाहारगृहाच्या नावात 'स्वच्छ' हा शब्द होता. आम्हांला तो 'शुद्ध' या शब्दाहून अधिक प्रामाणिक वाटतो. स्वच्छता डोळ्यांनी पाहून ठरविता येते.

खरा पालट घडविला तो दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या मंडळींनी. उडुपी हे तेराव्या शतकातील मध्वाचार्यांनी स्थापिलेल्या कृष्णमठाचे गाव. मठातील नैवेद्य आणि अन्नदान यांवर तेथील ब्राह्मण आचाऱ्यांचा हात घडला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावाकडची ओढग्रस्ती सोडून ही मंडळी मद्रास, बंगलोर, मुंबई येथे पांगली आणि 'उडपी' हे मराठीत हॉटेलवाल्याचेच नाव होऊन बसले. सुधारणा विश्वस्त मंडळाने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या नव्या वस्तीत दाक्षिणात्य कारकून राहावयास आले होते. त्यांच्या आधाराने माटुंग्यात भोजनालये उभी राहिली. रामा नायक यांचे स्टेशनाजवळचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे.

या धंद्याचे गणित समजून घेण्याजोगे आहे. तांदूळ आणि उडीद एकदा भिजवून वाटले की त्या पिठातून इडली निघते, डोसा निघतो, उत्तप्पाही निघतो. सांबार एकच, चटणी एकच. माल स्वस्त, उधारी नाही, नफा थोडा. म्हणून एका खुर्चीवर दिवसभरात जितकी अधिक माणसे बसतील तितके बरे. गिऱ्हाईक खातो न खातो तोच पोऱ्या फडके घेऊन उभा! चार माणसांच्या टेबलावर एकट्याने ऐसपैस बसावे ही चैन या गणितात बसत नाही. तिथे जो येईल तो रिकाम्या खुर्चीवर बसणार. समोरचा कोण, हे विचारण्यास सवड नाही. उडुपीच्या मठात पंक्तिभेदावरून अगदी आपल्या काळापर्यंत वाद झाले. त्याच परंपरेतील स्वयंपाकाने मुंबईत मात्र पंक्तिभेद मोडला. सुधारकांच्या व्याख्यानांना जे जमले नाही ते जागेच्या भाड्याने करून दाखविले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे मालकही बदलले. बंट समाजातील शेट्टी मंडळी या धंद्यात मोठ्या संख्येने उतरली. घरी मासळी-कोंबडी खाणारे हे लोक हॉटेलात कांद्या-बटाट्यापलीकडे जात नसत. शुद्ध शाकाहार ही येथे जातीची खूण न राहता व्यापारातील बोली झाली. कपबशा विसळणारी कितीतरी मुले रात्रशाळांतून शिकली आणि स्वतः गल्ल्यावर बसली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने दुकाने आणि उपाहारगृहे यांत जातिधर्मावरून मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यतानिवारण कायद्याने तो गुन्हा ठरविला. कायदा आवश्यकच होता. खेड्यांत वेगळी कपबशी त्यानंतरही टिकली. सारे गोडच होते असेही नाही. १९६६ नंतरच्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनात याच उडपी हॉटेलांवर दगड पडले.

आम्हां कॅथलिकांचा या टेबलाशी संबंध शुक्रवारचा. शुक्रवारी मांस वर्ज्य. पोप सहावे पॉल यांच्या १९६६ च्या आदेशाने आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेने तपशील बदलला, तरी तत्त्व राहिले. मासळीला मुभा असली तरी फोर्टातील कचेरीत काम करणाऱ्याला त्या दिवशी उडप्याची राईस प्लेट निर्धास्त वाटे. वसईच्या वाड्यांतील केळी आणि भाजीपाला तर आगगाडीने मुंबईच्या बाजारात जातच होता. म्हणजे त्या पानावर आमच्या शेतकऱ्यांचा घामही वाढलेला होता.

त्यात 'शुद्ध' काय आणि किती हेही पाहावे. बटाटा, मिरची, टोमॅटो, भुईमूग ही सारी अमेरिका खंडातील पिके, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आली. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही पोर्तुगीज. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. उपवासाच्या दिवशी उडप्याकडे मिळणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीत अमेरिकेहून न आलेले असे जिरे, तूप आणि मीठच काय ते उरते!

शाकाहाराविषयी आमची तक्रार नाही. संत बेनेडिक्ट यांच्या नियमात आजाऱ्यांखेरीज कोणाला चतुष्पाद प्राण्याचे मांस नाही. कार्थुसियन संन्यासी मांसाला स्पर्श करीत नाहीत. रोमकरांस लिहिताना पौल भाजीपाला खाणाऱ्यांची बाजू सांभाळतो आणि दोन्ही पक्षांना एकमेकांचा न्याय करण्यापासून आवरतो. तोच पौल अंत्युखियात मात्र भर मंडळीत पेत्राला अडवितो. कारण परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र यरुशलेमची माणसे येताच पानावरून मागे सरला होता. वाद पदार्थाचा नव्हता, उठून जाण्याचा होता.

म्हणूनच अलीकडच्या काही गोष्टी आम्हांला साध्या वाटत नाहीत. हॉटेलाच्या दारावरची पाटी मुंबईत इमारतींच्या दारांवर चढली आहे; मांसाहारी कुटुंबाला घर नाकारले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि नकार देताना जात वा धर्म उच्चारावा लागत नाही, आहार पुरतो. २०२३ साली पवईच्या आयआयटीत एका खानावळीतील काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आली. निषेध म्हणून तेथे मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. शाकाहारी जेवण तेथे मिळतच होते. मागणी होती ती वेगळ्या टेबलाची.

माटुंग्याच्या जुन्या भोजनालयांत दुपारी रांग लागते. आत बोलावणारा माणूस नाव विचारीत नाही. किती जण, एवढेच विचारतो. एकटे असाल तर तीन अनोळखी माणसांच्या टेबलावरील चौथी खुर्ची दाखवितो. पान मांडलेले असते, आणि सांबाराचे भांडे येते तेव्हा त्या चौघांनाही एकाच ओगराळ्याने वाढले जाते.