एका पानावर चार लिप्या : बीडच्या दप्तरापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

१/१७
पाली. बीड शहराच्या दक्षिणेस, बिंदुसरेच्या खोऱ्यात, सोलापूर–धुळे महामार्गालगतचे गाव. नाव अवघ्या दोन अक्षरांचे. पण शंभर वर्षांपूर्वी ते कागदावर कोणत्या लिपीत उमटले असते? बाळबोध, मोडी, उर्दू की रोमन? चारही उत्तरे बरोबर आहेत. या चार लिप्या एका पानावर नांदवण्याच्या खटपटीचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/१७
आरंभ घरातूनच करू. मराठी ही भाषा एक, पण तिच्या लिप्या दोन. पोथी, स्तोत्र, शास्त्रग्रंथ यांसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी. पत्र, हिशेब, वतनाचे कागद यांसाठी मोडी. मोडीचा संबंध परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडते. दैनंदिन व्यवहारात ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती.

३/१७
मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिही, लेखणी शक्य तितकी न उचलता. वेग हेच त्या लिपीचे प्रयोजन. त्यामुळे इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिने सहसा पाळला नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ मोडीत सारखेच दिसतात. कोणता शब्द हे संदर्भावरून ठरवायचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

४/१७
मराठवाड्यात याच्या जोडीला तिसरी लिपी आली. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. तिथला राज्यकारभार आधी फारसीत चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे या भागाच्या जुन्या महसुली कागदांत उर्दू आणि मोडी अशा दोन्ही नोंदी आढळतात.

५/१७
उर्दूत ‘पाली’ म्हणजे पे, अलिफ, लाम, ये. यातल्या शेवटच्या ‘ये’पाशी अडचण आहे. ‘ई’ दाखवणारा छोटा ये आणि ‘ए’ दाखवणारा बडा ये यांचा भेद जुन्या हस्ताक्षरांत नेहमीच पाळलेला नसतो. मग गाव पाली की पाले, हे केवळ अक्षरांवरून सांगता येत नाही. ‘बीड’मधल्या ‘ये’चेही तेच. इंग्रजी गॅझेटियरांनी तर त्या गावाचे ‘भीर’ करून टाकले.

६/१७
बहुलिपी पानाचा एक सुंदर नमुना खुद्द या संस्थानाच्या चलनात सापडतो. १९१८ च्या कायद्यानंतर निघालेल्या हैदराबादच्या कागदी नोटांवर उर्दूसोबत इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि कन्नड याही भाषांत मूल्य छापलेले असे. पाच भाषा आणि चार वेगळ्या लिपिपरंपरा एका तळहाताएवढ्या कागदावर! पण नोट हे कोरीव चित्र असते; त्यातले प्रत्येक अक्षर जागेवर बसवता येते. रोजच्या छपाईची गोष्ट निराळी.

७/१७
मराठी छपाईलाही पहिल्यापासून दोन लिप्यांचा विचार करावा लागला. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले, ते देवनागरी खिळ्यांत. १८१० मध्ये त्याचा मराठी–इंग्रजी कोश आला, त्यात मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे वापरले. म्हणजे मोडी आणि रोमन एका ओळीत जुळवण्याचा प्रयोग दोनशे वर्षांहून जुना आहे.

८/१७
पुढचा टप्पा मुंबईत. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. वाचकांना ही दोन भाषांची सोय वाटे. खिळे जुळवणाऱ्याला मात्र ती दोन वेगळ्या भूमितींची कसरत होती.

९/१७
कशी? रोमन अक्षरे पायथ्याच्या अदृश्य रेषेवर उभी राहतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. रोमन अक्षराच्या वरखाली फारसे काही येत नाही. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे. म्हणून एकाच मापाचे खिळे घेतले तरी देवनागरीचा मुख्य आकार लहान दिसे आणि ओळींमधले अंतर वाढवावे लागे.

१०/१७
मुंबईच्या छापखान्यांत यासाठी ‘डिग्री’ पद्धत रुळली. व्यंजनाचा खिळा लहान ठेवायचा आणि वरच्या-खालच्या खुणांचे वेगळे खिळे त्याला जोडायचे. जणू एकाच ओळीचे तीन मजले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले, त्याचा दाखला आजही दिला जातो.

११/१७
उर्दूचे दुखणे याहून अवघड होते. तिची आवडती नस्तालीक शैली ओळीवर सरळ चालत नाही. प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो. चौकोनी खिळ्यांना हा उतार मानवेना. म्हणून उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हातूनच लिहून शिळेवर छापली गेली. ‘नूरी नस्तालीक’ हा फॉन्ट १९८१ मध्ये वापरात आला, तेव्हा हे चित्र पालटू लागले.

१२/१७
शिळाप्रेसचा गुण मराठीनेही ओळखला होता. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळेवर पंचांग छापले. शिळेला लिपीचे वावडे नाही. हात लिहील ते ती उमटवते. संगणकाचे मात्र तसे नाही. त्याला प्रत्येक अक्षर क्रमांकाने ओळखावे लागते. बहुलिपी पानाची खरी परीक्षा इथे सुरू झाली.

१३/१७
सुरुवातीच्या मराठी फॉन्टांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवले. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमनच असे. मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला आणि तोच फॉन्ट तिथे नसला, की मराठीचे रोमन कडबोळे होई. इंग्रजी शब्द मध्ये आला तर तेवढ्यापुरता फॉन्ट बदलावा लागे. अक्षराचा अर्थच त्याच्या पोशाखावर अवलंबून होता.

१४/१७
यावर तोडगा म्हणजे अक्षराला स्वतःची ओळख देणे. भारताने इस्की हा संकेत १९९१ मध्ये प्रमाणित केला; त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला तिचा स्वतंत्र विभाग मिळाला. विंडोजवर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. आता फॉन्ट बदलला तरी ‘पाली’ ही ‘पाली’च राहते.

१५/१७
तरीही एका फॉन्टमध्ये सर्व लिप्या मावत नाहीत. म्हणून मजकूर-संपादक नसलेले अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसने घेतो. कुठेच न मिळाल्यास रिकामी चौकट दाखवतो. इमॅक्ससारख्या संपादकात कोणत्या लिपीला कोणता फॉन्ट, हे आपणच ठरवू शकतो. २०१२ च्या त्याच्या २४ व्या आवृत्तीपासून उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूरही नीट दिसू लागला. हे महत्त्वाचे आहे, कारण उर्दू ओळ डावीकडे धावते, पण तिच्यातला फसली सन १३५७ डावीकडून उजवीकडेच वाचायचा असतो. (त्यात ५९० मिळवा : १९४७.)

१६/१७
मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत. आजही काही मोडी फॉन्ट देवनागरीच्याच क्रमांकांवर मोडीचे आकार चढवतात. शीर्षकासाठी ते ठीक. पण कागदाची नक्कल करताना घातक. कारण तिथे ‘दिन’ की ‘दीन’ हे टंकलेखकाने आधीच ठरवलेले असते आणि मूळ कागदातली संदिग्धता पुसली जाते. मोडीतून देवनागरीत येणे हा फॉन्टबदल नाही, ते वाचन आहे. आणि वाचन चुकू शकते.

१७/१७
ही केवळ हौशी लोकांची चर्चा नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची निकड सर्वांनाच कळली. एका शब्दाच्या वाचनावर कुटुंबाचा दाखला अवलंबून असू शकतो.

म्हणून कोणी जुना कागद उतरवून घेणार असाल, तर एवढे पाळा. प्रत्येक लिपी तिच्याच युनिकोड अक्षरांत लिहा आणि तिला तिचा फॉन्ट द्या. नस्तालीकसाठी ओळींमध्ये मोकळी जागा सोडा. आधी मूळ ओळ, तिच्याखाली देवनागरी वाचन, आणि जिथे शंका असेल तिथे शंकेची खूण. ‘पाली’ की ‘पाले’ हे आपल्याला ठरवता आले नाही, तर ते पुढच्या वाचकाला ठरवता यावे, एवढी जागा आपण नक्की राखू शकतो.