मुक्या तबकड्यांना वाचा

कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेस एक जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. तेथील एका कुटुंबाने आम्हांला बोलावून घेतले. नव्या घराला आशीर्वाद द्यावयाचा नव्हता, जुन्या घराचा निरोप घ्यावयाचा होता. प्रार्थना झाली, चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा घरातील वृद्ध मातेने खाटेखालून एक लाकडी पेटी पुढे सरकविली. "फादर, भंगारवाल्याला देण्यापेक्षा तुम्हीच न्या," एवढेच त्या म्हणाल्या. पेटीत गॅरार्ड कंपनीचे चार वेगांचे जुने टर्नटेबल होते आणि सोबतच्या कापडी पिशवीत तीसएक ध्वनिमुद्रिका.

आम्ही ती पेटी का स्वीकारली हे सांगावयाचे तर आमची एक जुनी चूक कबूल करणे भाग आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी, गुरुदीक्षा होऊन फार काळ लोटला नव्हता तेव्हा, एका धर्मग्रामाच्या सभागृहाची साफसफाई आमच्याकडे आली. माळ्यावर चावीचा एक ग्रामोफोन आणि तबकड्यांचा गठ्ठा होता. यंत्राची कमान तुटलेली. यंत्र बंद, म्हणून तबकड्या निरुपयोगी, असा सरळ हिशेब करून आम्ही सारे वजनावर विकून टाकले. नावपट्ट्यादेखील वाचल्या नाहीत. पुढच्या रविवारी एका वृद्ध गायकाने विचारले, "आमच्या तरुणपणी फादर त्या पेटीवर गाणी लावून आम्हांला शिकवीत. ती कुठे गेली?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

गेली काही वर्षे मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग आमच्या कांजूरच्या क्षेपणभूमीकडे येत आला आहे. टाकून दिलेल्या वस्तूंचे पुढे काय होते हे येथील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून ही दुसरी पेटी आम्ही घरी आणली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत या यंत्राचा इतिहासही चाळला.

थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जाई. एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीचा मार्ग धरला. नळकांड्याच्या प्रती काढणे कठीण होते, उलट तबकडीचा एकदा साचा झाला की हजारो प्रती छापता येत. छापखान्याने ग्रंथासाठी जे केले, तेच बर्लिनरच्या तबकडीने आवाजासाठी केले.

त्या तबकड्या बनत कशाच्या? पळस, बोर, कुसुम या वृक्षांवर पोसणाऱ्या किड्याच्या लाखेच्या. लाखेत दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून तो लगदा साच्यात दाबीत. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा पुरवठा छोटा नागपूर व आसपासच्या वनांतून होत असे. म्हणजे इटलीतील गायकाचा आवाज लंडनच्या दिवाणखान्यात उमटे, तो भारतातल्या रानातून आलेल्या पदार्थावर. आपले सुतार ज्याला चपडा म्हणतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला ज्याचे पॉलिश करतात, तोच हा पदार्थ.

१९०२ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग एप्रिल महिन्यात रोमला होता. व्हॅटिकनमध्ये त्याने सिस्टिन चॅपेलच्या गायकवृंदाचे आणि त्यातील आलेस्सांद्रो मोरेस्की यांचे गायन मुद्रित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांच्यासमोर त्याने तोच कर्णा मांडला. मुद्रण संपताना गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत. कारण तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीतील हानोव्हर येथे, आणि गाणे कोणाचे हे तिकडच्या कामगारांना कळावयास हवे होते. पुढे १९०८ साली कलकत्त्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला आणि हा समुद्रप्रवास थांबला.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तासभर राग विस्तारणाऱ्या गवयांना त्या अवधीत आपली विद्या आवरून बसवावी लागे. काहींना तो अपमान वाटला, तर काहींनी त्यातून नवी शिस्त घडविली. आपल्या मराठी भावगीताला तर ही तीन मिनिटांची चौकट जणू मापून शिवल्यासारखी बसली. त्याच्या पहिल्या पिढीतले गायक गजानन जोशी नव्हेत, तर वकिलीचे शिक्षण घेतलेले गोविंदराव, अर्थात जी. एन. जोशी. तेच पुढे एच.एम.व्ही.चे ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि अनेक थोर गवयांचे आवाज त्यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाले. मुंबईत वडाळ्याला तर १९३५ च्या सुमारास स्वदेशी कारखाना उभा राहिला आणि 'यंग इंडिया' या नावाने त्याच्या तबकड्या घरोघर गेल्या.

१९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घवादी तबकडी आली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजे. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली. भारतात मात्र ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी १९६० नंतरही निघत राहिली; बीटल्सची गाणीदेखील आपल्याकडे तशा तबकड्यांवर विकली गेली. त्यामुळे येथील घराला सर्व वेग चालवील असे यंत्र हवे असे. आमच्या पेटीतील गॅरार्ड त्याच जातीचे. त्याची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. लंडनच्या एका जवाहिऱ्याच्या पेढीने १९१५ साली, महायुद्धात तोफांसाठी अंतरमापक यंत्रे बनविण्याकरिता, हा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर त्याच कारागिरांचे हात ग्रामोफोनच्या मोटारीकडे वळले. तोफेचा नेम साधणारी अचूकता गाण्याच्या सेवेस लागली.

आता आमच्या पेटीकडे वळू. दुरुस्तीला आम्हांला फार दूर जावे लागले नाही. भांडुप-कांजूरच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेले एक निवृत्त फिटर आमच्याच धर्मग्रामात राहतात. मोटारींच्या वाइंडिंगवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी थाळी उचलली, खाली बोट फिरविले आणि म्हणाले, "फादर, हिला काही झालेले नाही. ही फक्त बसून बसून आखडली आहे."

निदान खरे ठरले. बेअरिंगमधील ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ते रॉकेलने धुऊन नवे तेल घातले. या यंत्रात मोटार थाळीला थेट फिरवीत नाही. मोटारीच्या दांड्याला पायऱ्या असतात, वेगाप्रमाणे एकेक. दांडा आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये रबराचे एक चाक दाबून बसते आणि तेच गती पोहोचविते. चालू स्थितीतच यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्या चाकाला एका जागी खळगा पडला होता. तसेच ठेवले असते तर प्रत्येक फेऱ्याला धडधड ऐकू आली असती. फिटरकाकांनी जुने रबर काढून नवे चढविले आणि लेथवर घासून ते गोल केले.

सुईमागचे कार्ट्रिज मात्र गेलेच होते. त्यातील स्फटिक रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा असतो. सुईच्या कंपनाने तो दाबला गेला की सूक्ष्म वीज निर्माण होते. परंतु हा क्षार दमटपणा सोशीत नाही, आणि मुंबईचा पावसाळा तर चार महिन्यांचा. लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या घातल्यावर एक सिरॅमिक कार्ट्रिज मिळाले, उलटसुलट फिरणाऱ्या दोन सुयांचे. ७८ च्या तबकडीची खाच रुंद आणि दीर्घवादी तबकडीची अरुंद, म्हणून सुया दोन लागतात.

शेवटी वेग तपासला. वर्तुळावर १८० काळ्या रेघा आखलेला कागद थाळीवर ठेवून चोकच्या जुन्या ट्यूबलाइटखाली फिरविला. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने तो दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. थाळी बरोबर ३३⅓ फेऱ्यांनी फिरली तर रेघा स्तब्ध उभ्या दिसतात. वेग कमी-जास्त असेल तर मागेपुढे सरकतात. रेघा थांबल्या तेव्हा फिटरकाकांनी हात पुसले.

तबकड्या धुताना आमच्या हातून दुसरी चूक होता होता टळली. बुरशी काढावयास आम्ही स्पिरिटची बाटली उघडली, तोच काकांनी हात धरला. "चपडा आहे तो, फादर. विरघळेल." लाखेच्या तबकड्या मग सौम्य साबणाच्या पाण्याच्या ओलसर फडक्याने, नावपट्टी वाचवीत पुसल्या आणि लगेच कोरड्या केल्या.

या यंत्राविषयी ख्रिस्तसभेनेही एकदा विचार मांडला होता. पवित्र संगीतासंबंधी ३ सप्टेंबर १९५८ रोजी निघालेल्या रोमच्या सूचनापत्राने उपासनेत फोनोग्राफ, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांचा वापर निषिद्ध ठरविला. गायकवृंदाच्या किंवा भाविकांच्या गायनाची जागा यंत्राने घेऊ नये, हा त्यातला आशय. मात्र गीते शिकविण्यासाठी त्याच यंत्राला मुभा होती. सेमिनरीत हे वाचताना आम्हांला तो केवळ एक नियम वाटला होता. आता त्यातला भेद उमगतो. यंत्राने आपल्याऐवजी गावे हे गैर. त्याने आपल्याला गावयास लावावे हे योग्य. आमच्या त्या जुन्या धर्मग्रामातील फादर हेच करीत होते.

यंत्र सिद्ध झाल्यावर आम्ही ते मुलुंडला, त्या मातेच्या भाड्याच्या तात्पुरत्या घरी नेले. पिशवीतील बहुतेक तबकड्या हिंदी चित्रपटगीतांच्या होत्या. त्यांची निवड कशी झाली असेल, हे कोडे आम्हांला पडले होते. गायक निरनिराळे, संगीतकार निरनिराळे. त्यांनी ते सहज उलगडले. त्यांचे यजमान स्टुडिओंतून व्हायोलिन वाजवीत. ज्या गाण्यांत ते वाजवावयास बसले, त्यांतल्या जमतील तेवढ्या तबकड्या त्यांनी विकत घेतल्या होत्या.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा वाटा किती मोठा होता, हे आता थोडेबहुत लिहिले जाते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यवृंदरचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये शिष्याने गुरूचे नाव नायकाच्या तोंडी घातले. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले कितीतरी हात त्या वाद्यवृंदांत होते. पण नावपट्टीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे, चित्रपटाचे असे. मागच्या रांगेतील व्हायोलिनचे नसे.

आम्ही एक तबकडी लावली. सुई खाचेत उतरली, थोडी खरखर झाली आणि व्हायोलिनांचा ताफा एकदम उठला. माता डोळे मिटून बसल्या. गाणे संपल्यावर न राहवून आम्ही विचारले, "एवढ्या व्हायोलिनांत त्यांचे कोणते, ते तुम्हांला ओळखू येते?"

"नाही, फादर," त्या म्हणाल्या. "पण त्यात ते आहेत ना."

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात पाठविली. त्यांवरील सोनेरी तबकडीत गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा स्वर आहे. पाठविणाऱ्यांनी नुसती तबकडी पाठविली नाही. सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली, आणि ती कशी लावावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, हे वेष्टनावर चित्रांनी कोरले. तो वेग मिनिटाला १६⅔ फेऱ्यांचा. आमच्या गॅरार्डच्या खटक्यावर तोही आहे. अनोळखी जगाला आवाज द्यावयाचा तर तो ऐकण्याचे साधनही द्यावे लागते, एवढे भान त्या शास्त्रज्ञांना होते. आम्हांला ते आमच्याच धर्मग्रामाच्या माळ्यावर नव्हते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशा तबकड्या असतील तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ऊन आणि ओल यांपासून जपा. यंत्र बंद असेल तर ते मेले असे समजू नका. शेजारी एखादा निवृत्त फिटर असेल, त्याला विचारा. आणि देऊनच टाकावयाचे झाले तर निदान नावपट्ट्या वाचून, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून द्या. मुंबईत १९९० पासून भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था आहे. अशा संग्राहकांना या वस्तूंचे मोल कळते.

ती पेटी आता त्या मातेकडेच आहे. आम्ही परत आणावयास निघालो नाही, आणि त्यांनीही नेण्याविषयी काही म्हटले नाही. नव्या इमारतीत ती पुन्हा खाटेखाली जाऊ नये, म्हणून फिटरकाका तिच्यासाठी एक छोटे टेबल करीत आहेत. त्याला पॉलिश अर्थातच चपड्याचे असेल.