वॉर्सा : पुसून टाकलेलं आणि पुन्हा लिहिलेलं शहर

पोलंडची राजधानी असलेल्या वॉर्साच्या जुन्या शहरात गेलं की मधोमध दगडी फरसबंदीचा चौक दिसतो. त्याच्या चारही बाजूंना चिकटून उभी असलेली रंगीत, चिंचोळी घरं आहेत. कुणालाही वाटेल, ही घरं चार-पाचशे वर्षांपूर्वीची असणार. पण यातली बहुतेक घरं १९५३ साली बांधून पूर्ण झाली आहेत.

मग जुनी घरं गेली कुठे? ती का पाडली गेली? आणि लोकांनी हुबेहूब तशीच पुन्हा का बांधली? याची उत्तरं या शहराच्या सातशे वर्षांच्या इतिहासात आहेत.

सुरुवात एका नदीकाठच्या गावापासून

पोलिश लोक या शहराला 'वर्शावा' म्हणतात. व्हिस्टुला नदीच्या डाव्या काठावरच्या उंचवट्यावर, साधारण १३०० च्या सुमारास हे गाव वसलं. तटबंदी, मधोमध बाजाराचा चौक, एक चर्च आणि टोकाला सरदाराचा किल्ला, असं त्याचं स्वरूप होतं.

तेव्हा हा भाग पोलंडच्या राजाच्या थेट अमलाखाली नव्हता. इथे माझोव्हिया प्रांताचे सरदार राज्य करत. १५२६ मध्ये या घराण्यातला शेवटचा पुरुष वारसदार वारला आणि प्रांत पोलंडच्या राजाकडे आला.

शहराचं चिन्हही मजेदार आहे. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल घेतलेली जलपरी. ही परी नदीतून वर आली आणि शहराची राखणदार झाली, अशी दंतकथा तिथे सांगतात.

राजधानी कशी झाली?

पोलंडची जुनी राजधानी दक्षिणेकडचं क्राकोव. पण १५६९ मध्ये पोलंड आणि लिथुआनिया यांचं एक संयुक्त राज्य झालं. दोन्हीकडच्या प्रतिनिधींना संसदेसाठी मधली जागा हवी होती. वॉर्सा दोघांनाही सोयीचं पडत होतं, म्हणून संसद इथे भरू लागली.

पुढे १५९५ मध्ये क्राकोवच्या राजवाड्याला आग लागली. त्यानंतर राजा सिगिस्मंड तिसरा याने आपला दरबार वॉर्साला हलवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे राज्याभिषेक मात्र नंतरही बराच काळ क्राकोवलाच होत राहिले. या राजाच्या मुलाने १६४४ मध्ये वडिलांच्या नावाने उंच स्तंभ उभारला. आज राजवाड्यासमोर दिसतो तो हाच सिगिस्मंड स्तंभ.

या राज्यात राजा वारसाहक्काने ठरत नसे. उमराव मंडळी एकत्र जमून राजा निवडत, आणि या निवडणुका वॉर्साजवळच्या मैदानावर होत. १५७३ मध्ये इथेच एक करार झाला आणि त्यात धर्मावरून एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, असं उमरावांनी मान्य केलं. युरोपात धर्मयुद्धं पेटलेली असतानाची ही गोष्ट आहे.

संविधान मिळालं, देश मात्र गेला

१७६४ मध्ये स्टॅनिस्लाव ऑगस्ट पोनियातोव्स्की राजा झाला. हा पोलंडचा शेवटचा राजा. त्याला कला, शिक्षण आणि सुधारणांची आवड होती. त्याने बर्नार्दो बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराला दरबारात ठेवलं. बेलोत्तोने वॉर्साचे रस्ते, वाडे, चर्च अतिशय बारकाईने रंगवले. खिडकी कुठे आहे आणि कठड्यावर नक्षी कोणती आहे, हेसुद्धा त्या चित्रांत दिसतं. दोनशे वर्षांनी ही चित्रं कोणत्या कामी येतील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

३ मे १७९१ रोजी वॉर्साच्या राजवाड्यात संविधान मंजूर झालं. युरोपातलं पहिलं आधुनिक लिखित संविधान म्हणून ते ओळखलं जातं. ३ मे हा दिवस पोलंडमध्ये आजही राष्ट्रीय सण आहे.

पण शेजारच्या सत्तांना सुधारलेला पोलंड नको होता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तीन टप्प्यांत हा देश आपापसांत वाटून घेतला. १७९५ मध्ये नकाशावरून पोलंड नाहीसा झाला. वॉर्सा आधी प्रशियाकडे गेलं, मग काही वर्षं नेपोलियनच्या छत्राखाली राहिलं आणि १८१५ नंतर रशियाच्या झारच्या ताब्यात आलं.

पोलिश लोकांनी १८३० आणि १८६३ मध्ये दोनदा उठाव केला. दोन्ही चिरडले गेले. पहिल्या उठावानंतर झारने शहराच्या उशालाच एक मोठा किल्ला बांधला आणि त्याच्या तोफा शहराकडेच रोखल्या.

पण याच काळात शहर वाढलंही. रेल्वे आली, पूल झाले, नळाचं पाणी आणि भुयारी गटारं आली. संगीतकार शोपँ याच शहरात वाढला आणि १८३० मध्ये त्याने ते कायमचं सोडलं. तो पॅरिसमध्ये वारला, पण त्याचं हृदय वॉर्साला आणलं गेलं आणि एका चर्चच्या खांबात ठेवलं गेलं. १८६७ मध्ये इथेच मारिया स्कोदोव्स्का, म्हणजे पुढची मेरी क्युरी, जन्मली. मुलींना विद्यापीठाची दारं बंद असल्यामुळे ती 'उडत्या विद्यापीठा'त शिकली. पोलीस पकडू नयेत म्हणून दर वेळी वेगवेगळ्या घरांत भरणारे हे गुप्त वर्ग होते.

फक्त वीस वर्षांचं स्वातंत्र्य

पहिलं महायुद्ध संपलं आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. वॉर्सा १२३ वर्षांनी पुन्हा स्वतंत्र देशाची राजधानी झालं. १९३९ पर्यंत शहराची लोकसंख्या सुमारे १३ लाख झाली होती. त्यातले जवळपास ३० टक्के ज्यू होते. न्यूयॉर्कनंतर ज्यूंची सगळ्यात मोठी वस्ती याच शहरात होती. यिडिश भाषेतली वर्तमानपत्रं, नाटकं, शाळा, प्रकाशनं असं त्यांचं मोठं जग इथे उभं होतं.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. जवळपास महिनाभर बॉम्ब आणि तोफांचा मारा झेलल्यावर शहराने शरणागती पत्करली.

भिंतीआडचं शहर

१९४० च्या शेवटी नाझींनी शहराच्या एका भागाभोवती भिंत बांधली आणि आत ज्यूंना कोंबलं. हाच वॉर्साचा घेट्टो. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपासच्या जागेत चार लाखांहून जास्त माणसं. उपासमार आणि टायफसने हजारो लोक मेले.

२२ जुलै १९४२ पासून लोकांना रेल्वेने ट्रेब्लिंका छावणीत नेऊन मारायला सुरुवात झाली. सुमारे दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त लोक तिकडे पाठवले गेले. अनाथाश्रम चालवणारे डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांनी मुलांना एकटं सोडलं नाही. ते त्यांच्यासोबतच गेले.

आपल्यामागे काहीच उरणार नाही, हे ओळखून इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने आणि त्याच्या साथीदारांनी गुपचूप नोंदी ठेवल्या. रोजनिशा, पत्रं, पत्रकं, मुलांचे निबंध असे हजारो कागद त्यांनी पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. १९४६ आणि १९५० मध्ये त्यातले दोन साठे सापडले. तिसरा सापडलेला नाही.

१९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्या तरुणांनी हाताशी असलेल्या मोजक्या शस्त्रांनिशी लढा सुरू केला. तो सुमारे चार आठवडे चालला. शेवटी जर्मनांनी एकेक इमारत जाळत पूर्ण घेट्टो जमीनदोस्त केला.

६३ दिवसांचा उठाव

१ ऑगस्ट १९४४, संध्याकाळचे पाच. पोलंडच्या भूमिगत सैन्याने संपूर्ण शहरात उठाव केला. सोव्हिएत फौजा नदीच्या पलीकडे जवळ येत होत्या. त्या येण्याआधी राजधानी आपण स्वतः मुक्त करावी, हा त्यामागचा हिशेब होता. उठाव काही दिवसांत आटपेल असं वाटलं होतं, पण तो ६३ दिवस चालला.

सुरुवातीच्याच दिवसांत व्होला भागात नाझींनी ४० ते ५० हजार सामान्य नागरिकांना मारलं. लढणारे लोक एका भागातून दुसऱ्या भागात जायला भुयारी गटारांचा वापर करत होते. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत सैन्य पलीकडच्या काठापर्यंत पोचलं, पण शहर सोडवायला अलीकडे मोठी फौज आली नाही. स्टालिनने मुद्दाम वाट पाहिली का, यावर आजही वाद आहेत. २ ऑक्टोबरला उठाव संपला, तोवर दीड ते दोन लाख नागरिकांचा जीव गेला होता. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर पोलंडमध्ये घरोघरी अजूनही दोन मतं आढळतात.

खरा विध्वंस मात्र लढाई संपल्यावर झाला. उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकललं गेलं आणि खास पथकांनी रिकामं शहर पद्धतशीरपणे जाळायला, सुरुंगाने उडवायला घेतलं. ग्रंथालयं, दप्तरखाने, राजवाडे, काहीच सोडलं नाही. १७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत आणि पोलिश सैन्य शहरात शिरलं, तेव्हा साधारण ८५ टक्के शहर ढिगाऱ्यात होतं.

राजधानी दुसरीकडे न्यायची का?

हा प्रश्न तेव्हा खरंच विचारला गेला. वूच हे मोठं शहर बऱ्यापैकी शाबूत होतं, सरकार तिकडे हलवावं असाही विचार होता. पण लोक हिवाळ्याच्या थंडीत पायी चालत परत येऊ लागले, मोडक्या भिंतींच्या आडोशाला राहू लागले. फेब्रुवारी १९४५ मध्ये सरकारने राजधानीच्या पुनर्बांधणीसाठी खास कार्यालय सुरू केलं.

जुनं शहर जसं होतं तसं बांधायचं, असं ठरलं. पण त्यासाठी नकाशे कुठून आणायचे? इथे दोन गोष्टी कामी आल्या. एक म्हणजे वास्तुशास्त्राच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी युद्धाआधी आणि युद्धकाळात चोरून केलेली इमारतींची मोजमापं. ही रेखाटनं त्यांनी एका मठात लपवून वाचवली होती. दुसरी म्हणजे बेलोत्तोची चित्रं. नकाशा नसलेल्या ठिकाणी त्या चित्रांवरून इमारतींचे दर्शनी भाग उभे केले गेले.

देशभरातून निधी गोळा झाला. लोक स्वतः ढिगारे उपसायला आले. इतर शहरांतून, विशेषतः युद्धानंतर पोलंडला मिळालेल्या पूर्वीच्या जर्मन शहरांतून, विटा आणल्या गेल्या. १९४९ मध्ये सिगिस्मंड स्तंभ पुन्हा उभा राहिला. १९५३ मध्ये जुन्या शहराचा चौक पूर्ण झाला. राजवाड्याचं काम मात्र १९७१ मध्ये सुरू झालं आणि लोकवर्गणीतून पूर्ण होऊन १९८४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला.

१९८० मध्ये युनेस्कोने वॉर्साच्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हा दर्जा इमारतींच्या वयासाठी दिलेला नाही. पुसून टाकलेलं शहर लोकांनी परत उभं केलं, त्यासाठी दिलेला आहे.

जे परत बांधलं गेलं नाही

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. बाहेरून घरं जुनी दिसली तरी आत साधे, आधुनिक फ्लॅट केले गेले. मागच्या बाजूची दाटीवाटीची बांधकामं गाळून तिथे मोकळी अंगणं ठेवली गेली. बेलोत्तोनेही काही इमारती आपल्या सोयीने थोड्या सजवून रंगवल्या होत्या, त्यामुळे 'हुबेहूब' हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

घेट्टोचा भाग तर परत बांधलाच नाही. तिथला ढिगारा इतका होता की तो हलवणं अवघड होतं. मुरानूव नावाची नवी वसाहत त्या ढिगाऱ्यावरच उभी राहिली, आणि तिच्या विटासुद्धा त्याच चुऱ्यापासून केल्या. म्हणून तिथल्या काही इमारती आजही रस्त्यापेक्षा उंचावर आहेत. जिथे राहणारी माणसंच उरली नव्हती, तिथल्या गल्ल्या कुणासाठी बांधायच्या, हा प्रश्न त्या ढिगाऱ्याखालीच राहिला.

तिसरा मुद्दा मालकीचा. ऑक्टोबर १९४५ मध्ये सरकारने एका हुकमाने शहरातली जमीन ताब्यात घेतली. त्यामुळे पुनर्बांधणी झपाट्याने झाली, पण मूळ मालकांच्या वारसांचे दावे १९८९ नंतर पुन्हा पुढे आले. काही ठिकाणी लोकांनी हे दावे विकत घेऊन इमारती मिळवल्या आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं. हा वाद वॉर्साच्या राजकारणात बरीच वर्षं धुमसत राहिला.

कोल्हापूरचा धागा

युद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत युनियनने पूर्व पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना सैबेरियासारख्या दूरच्या भागांत हद्दपार केलं होतं. त्यातले काही लोक इराणमार्गे भारतात पोचले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. त्या आठवणीसाठी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे जाऊन अभिवादन केलं होतं.

आजचं वॉर्सा

१९५५ मध्ये सोव्हिएत युनियनने 'भेट' म्हणून दिलेली २३७ मीटर उंच इमारत, संस्कृती आणि विज्ञान महाल, आजही शहराच्या मधोमध आहे. आता तिच्याभोवती काचेच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या आहेत. १९८९ मध्ये कम्युनिस्ट सरकार आणि विरोधक यांच्यातली चर्चा याच शहरात झाली आणि त्यातून निवडणुकांचा रस्ता खुला झाला. २००४ मध्ये पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला. आज शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर आहे. मुरानूवमध्ये पोलिश ज्यूंच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय उभं आहे.

दरवर्षी १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता शहरभर भोंगे वाजतात. गाड्या थांबतात, चालणारे लोक जागच्या जागी उभे राहतात. मिनिटभराने भोंगे शांत होतात आणि वाहतूक पुन्हा सुरू होते.